जुन्या आगगाडीचा नेम

'कुंडल रोड' हें नांव आज रेल्वेच्या कोणत्याहि वेळापत्रकांत सांपडावयाचें नाहीं. स्टेशन जागच्या जागीं आहे, गाड्या थांबतात, उतारूंची वर्दळहि असते. परंतु फलाटावरील पाटीवर आतां 'किर्लोस्करवाडी' अशीं अक्षरें आहेत. बेळगांवची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९१० सालीं आपल्या संस्थानांतील कुंडलजवळचा माळ कारखान्यासाठीं दिला. दगडगोट्यांनीं आणि निवडुंगानें भरलेल्या त्या माळाच्या अंगीं एक मोठा गुण होता: शेजारून लोहमार्ग जात होता. लोखंड आणि कोळसा उतरवून घ्यावयाचा, आणि तयार झालेले नांगर दूरदूरच्या शेतकऱ्यांकडे रवाना करावयाचे, हें सारें त्या स्टेशनामुळें शक्य झालें. गांवाच्या नांवानें ओळखलें जाणारें स्टेशन पुढें कारखान्याच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, ही गोष्टच त्या लोहमार्गाचें महत्त्व सांगावयास पुरेशी आहे.

याच मार्गाशीं कुंडलचें दुसरेंहि एक नातें आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रति सरकारचें कुंडल हें एक प्रमुख ठाणें होतें. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ तुफान सेनेच्या तरुणांनीं गाडी अडविली आणि तींतून जाणारा सरकारी पगाराचा पैसा स्वातंत्र्याच्या कार्यासाठीं काढून घेतला. ज्या रुळांवरून नांगर गेले, त्याच रुळांवर राज्यसत्तेला आव्हान दिलें गेलें. एवढा इतिहास ज्या मार्गाच्या पोटांत आहे, त्याचें मूळ रूप मात्र आज आपणांस कोठेंहि पाहावयास मिळत नाहीं. सदर्न मराठा रेल्वेनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत पुणें, मिरज, बेळगांव असा जो मार्ग घातला, तो मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्यें एक मीटर अंतर असलेला होता. १९७० च्या सुमारास पुणें ते मिरज हा भाग रुंद करण्यांत आला, आणि जुने रूळ, जुने डबे व जुनीं इंजिनें हळूहळू दृष्टिआड झालीं.

तें योग्यच झालें, हें प्रथम स्पष्ट सांगितलें पाहिजे. रुंद मार्ग मागणाऱ्या लोकांची मागणी रास्त होती. मुंबईहून आलेला माल पुण्यास एका गाडींतून दुसऱ्या गाडींत भरण्यांत जो वेळ, पैसा आणि नासधूस होत असे, ती टळली. जुन्याच्या लोभानें नव्या सोयीला आडवें येणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. परंतु उपयोग संपलेल्या वस्तूंपैकीं कांहीं वस्तू भंगारांत घालण्याऐवजीं चालत्या ठेवाव्या, त्या पुढच्या पिढीस डोळ्यांनीं पाहतां व हातांनीं हाताळतां याव्या, असें वाटणें हें निराळें आहे. जगांत अनेक ठिकाणीं सामान्य नागरिकांनीं हें काम विनामोबदला अंगावर घेतलें आहे. त्यांनीं तें कसें केलें, त्यांत काय कष्ट आहेत, आणि आपल्याकडे त्यांतील काय जमण्यासारखें आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

वेल्समधील आरंभ

या कार्याचा आरंभ वेल्स प्रांतांतील टॅलिलिन नांवाच्या लहानशा रेल्वेपासून झाला. समुद्रकांठच्या टॉविन गांवापासून डोंगरांतील पाटीच्या दगडांच्या खाणीकडे जाणारी ही अरुंद रेल्वे १८६५ च्या सुमारास बांधली गेली. रुळांमधील अंतर केवळ २ फूट ३ इंच, आणि लांबी सुमारें सात मैल. १९११ पासून सर हेन्री हेडन जोन्स हे तिचे मालक होते. १९४६ सालीं खाण बंद पडली. तरी आपल्या हयातींत गाडी बंद होऊं द्यावयाची नाहीं, असा त्या गृहस्थांचा निश्चय होता, आणि तो त्यांनीं पाळला. १९५० च्या जुलै महिन्यांत ते वारले, तेव्हां गाडीचाहि अंत झाला असेंच सर्वांनीं धरून चालावें अशी स्थिति होती. रूळ गवतांत बुडाले होते. पुष्कळ ठिकाणीं रुळांना जागेवर धरून ठेवण्याचें काम खिळ्यांपेक्षां गवताची मुळेंच अधिक करीत होतीं, असें लोक म्हणत. चालूं शकेल असें इंजिन एकच उरलें होतें. त्याचें नांव 'डोल्गोख', आणि त्याचा जन्म १८६६ सालचा.

टॉम रोल्ट नांवाच्या एका लेखकानें व त्याच्या मित्रांनीं ११ ऑक्टोबर १९५० रोजीं बर्मिंगहॅम येथें सभा बोलाविली. रेल्वे आपण चालवूं, वर्गणी काढूं, आणि सुटीच्या दिवशीं स्वतः जाऊन काम करूं, असा तेथें ठराव झाला. मालकाच्या विधवा पत्नीनें या अननुभवी मंडळींवर विश्वास टाकला. १४ मे १९५१ रोजीं स्वयंसेवकांची पहिली गाडी धांवली. ती सबंध मार्गावर गेली नाहीं. दोन-अडीच मैल जाऊन परत आली. शेजारची कॉरिस नांवाची रेल्वे १९४८ सालीं बंद पडली होती व तिचें माप हेंच होतें, म्हणून तिचीं दोन इंजिनें विकत घेण्यांत आलीं. मुलांसाठीं टॉमस नांवाच्या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री हेहि आरंभींच्या वर्षांत तेथें स्वयंसेवक म्हणून जात असत. आपल्या घरांतील नातवंडें ज्या गोष्टींचीं चित्रें आज पडद्यावर पाहतात, त्यांतील कांहीं इंजिनें टॅलिलिनच्या खऱ्या इंजिनांवरून रेखाटलेलीं आहेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सभेला जमलेल्या लोकांच्या अंगीं उत्साह होताच; परंतु उत्साहाच्या बळावर सभा भरते, गाडी धांवत नाहीं. गाडी धांवली ती पुढच्या शनिवारीं, त्याच्या पुढच्या शनिवारीं, आणि पावसांत भिजून कुडकुडत काम करावें लागणाऱ्या हिंवाळ्यांतल्या शनिवारींहि तींच माणसें पुन्हां आलीं म्हणून. आपल्याकडे देवापुढें नंदादीप तेवत ठेवण्याचा नेम असतो. एखादे दिवशीं भक्तीचा पूर आला म्हणून दहा दिवे लावले आणि दुसऱ्या दिवशीं तेल घालावयाचें विसरलें, तर त्याला नंदादीप म्हणत नाहींत. जुनी गाडी वांचते ती अशा नेमानें.

कामाचें खरें स्वरूप

स्वयंसेवकांनीं रेल्वे चालविणें म्हणजे डोक्यावर टोपी घालून शिटी फुंकणें, अशी पुष्कळांची समजूत असते. तींत दहांत एक भाग सत्य आहे. उरलेले नऊ भाग काळे, ओले आणि जड असतात.

प्रथम मार्गाकडे पाहूं. रुळांखालीं लाकडी स्लीपर असतात. मैलाला ते सुमारें दोन हजार लागतात. एक स्लीपर वीस वर्षें टिकतो असें धरलें, तर प्रत्येक मैलांत दर वर्षीं शंभर स्लीपर बदलावेच लागतात. सात मैलांचा मार्ग असेल तर वर्षाला सातशें. हें काम कधीं 'पुरें' होत नाहीं; शेवटचा स्लीपर बदलून होतो न होतो तोंच पहिला कुजूं लागलेला असतो. त्याखेरीज खडी भरणें, पाणी वाहून जाण्यासाठीं चर मोकळे करणें, दोन रुळांमधील अंतर मोजणें, सांध्यांचे बोल्ट आवळणें, झाडेंझुडपें तोडणें, हें सारें आहेच. आपल्या गँगमन लोकांनीं उन्हातान्हांत शंभर वर्षें जें काम केलें, त्याची खरी किंमत अशा स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशीं कळते.

आतां इंजिनाकडे वळूं. वाफेचें थंड इंजिन एकदम तापवितां येत नाहीं. बायलरचे निरनिराळे भाग कमीअधिक वेगानें प्रसरण पावतात. घाई केली तर सांधे सैल होतात. म्हणून सकाळीं नऊ-दहाची गाडी असेल तर कोणीतरी पहांटेच्या काळोखांत जाऊन आग पेटवावयाची असते. आगीच्या पेटीचें छत सदैव पाण्याखालीं बुडालेलें असावें लागतें. पाणी कमी होऊन तें छत उघडें पडलें तर तांबूस होऊन फाटण्याचें भय असतें. त्यासाठीं तेथें लवकर वितळणाऱ्या धातूची खुंटी बसविलेली असते; ती वितळली म्हणजे वाफ व पाणी आगीवर येऊन इशारा मिळतो. परंतु ती खुंटी वितळूं देणें हें फायरमनला मोठें लाजिरवाणें मानलें जातें. सायंकाळीं गाडी परतली म्हणजे राख काढणें, तेल पुसणें, आणि ठराविक काळानें बायलर आंतून धुऊन काढणें हीं कामें असतात. ब्रिटनमध्यें अशा इंजिनाचा बायलर साधारणतः दहा वर्षांनीं पूर्णपणें खोलून तपासतात, आणि त्या एका दुरुस्तीसाठीं मंडळींना कित्येक वर्षें पैसा साठवावा लागतो.

ड्रायव्हर होण्याची इच्छा सर्वांनाच असते. परंतु तेथें बी.ए. आणि बॅरिस्टर यांनाहि पहिली पायरी एकच: चिंध्या घेऊन इंजिन पुसणें. पुसतां पुसतां कोणता भाग कोठें आहे, कोठें तेल गळतें, कोणता बोल्ट ढिला आहे, हें हातांना कळूं लागतें. मग फायरमन, मग परीक्षा, आणि कित्येक वर्षांनीं ड्रायव्हर. एकेरी मार्गावर त्या तुकड्याचें टोकन हातीं असल्याखेरीज गाडी पुढें न्यावयाची नाहीं, हा नियम मोठ्या रेल्वेला जसा आहे तसाच या लहान रेल्वेलाहि आहे. 'मी फुकट काम करतों, मला थोडी सूट द्या' हें वाक्य तेथें चालत नाहीं. प्रवाशाचा जीव पगारी ड्रायव्हरच्या हातीं असो वा बिनपगारी, त्याची किंमत एकच असते.

आज ब्रिटनमधील अशा रेल्वेमार्गांवर वीस हजारांहून अधिक स्वयंसेवक काम करतात. त्यांच्या चिकाटीचें एक उदाहरण फेस्टिनिऑग रेल्वेचें आहे. १९४६ सालीं बंद पडलेली ही रेल्वे १९५५ सालीं पुन्हां सुरू झाली; परंतु मध्यंतरीं वीजनिर्मितीच्या योजनेसाठीं एक जलाशय ठरला व मार्गाचा एक भाग त्यांत बुडाला. मंडळींनीं १९६५ सालीं कुदळी-फावडीं घेऊन डोंगराच्या अंगानें नवा वळणमार्ग खणावयास आरंभ केला. चढ साधण्यासाठीं त्यांनीं मार्गाला आपल्याच अंगावरून वेटोळें घेऊन नेलें. गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत पोंचली ती १९८२ सालीं. ज्यांनीं पहिली कुदळ मारली, त्यांच्यांतील तरुण तोंपर्यंत प्रौढ झाले होते. ऑस्ट्रेलियांत मेलबर्नजवळील 'पफिंग बिली' या रेल्वेची कथा अशीच. १९५३ सालीं दरड कोसळून मार्ग अडला. १९५५ सालीं संरक्षण-मंडळी स्थापन झाली. १९६२ सालीं थोड्या अंतरावर गाडी पुन्हां सुरू झाली, आणि मूळच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत ती गेली १९९८ सालीं. मेलबर्नला स्थायिक झालेल्या आपल्या लेकीसुनांकडे जाणारे आजीआजोबा आज त्या गाडींत हौसेनें बसतात. त्या हौसेच्या मागें त्रेचाळीस वर्षांचा नेम उभा आहे.

बार्शीची गाडी

'पफिंग बिली'च्या रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच आहे. हेंच माप आपल्या बार्शी लाइट रेल्वेचें होतें, आणि मिरजेपर्यंत ती आली असल्यामुळें कुंडल परिसरांतील जुन्या लोकांनाहि तिचा परिचय आहे. पंढरपूरला जाणाऱ्या माणसानें मिरजेस उतरून बार्शी लाइनची छोटी गाडी धरावी, असा परिपाठ होता.

ही रेल्वे केवळ लहान होती म्हणून तिला सामान्य समजण्याचें कारण नाहीं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनें कमी खर्चांत भरपूर माल वाहणारी अरुंद रेल्वे कशी बांधावी, याचा आदर्श म्हणून ती उभारली. एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, परंतु तो भार सर्व आंसांवर सारखा वाटावयाचा, म्हणजे हलक्या रुळांवरूनहि जड गाडी जाते, हें त्याचें मुख्य तत्त्व. बार्शीचे डबे व इंजिन हिंदुस्थानांत पाठविण्यापूर्वीं त्यानें इंग्लंडांत लीड्सजवळ त्यांची चांचणी घेऊन दाखविली. १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. १९०६ सालीं गाडी पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोंचली. एकूण लांबी सुमारें ३२५ किलोमीटर झाली. १९५४ सालीं सरकारनें ती विकत घेतली. कापूस, धान्य आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी हें तिचें मुख्य ओझें. मीटर गेजचा जुना मार्ग, पुण्याकडून आलेला रुंद मार्ग आणि बार्शी लाइनचा अरुंद मार्ग असे तिन्ही मापांचे रूळ मिरजेस एके काळीं एकत्र नांदत होते. पुढें चालू शतकाच्या आरंभीं बार्शी लाइनहि टप्प्याटप्प्यानें रुंद झाली, आणि तें छोटें जग संपलें.

कॅल्थ्रॉपनेंच इंग्लंडांत स्टॅफर्डशायरमध्यें बार्शीच्या नमुन्यावर लीक-मॅनिफोल्ड नांवाची रेल्वे बांधली होती. १९०४ सालीं ती सुरू झाली आणि १९३४ सालीं बंद पडली. त्या वेळीं अशा रेल्वे वांचविण्याची कल्पना कोणाच्या मनांत आली नव्हती. आज तिच्या जागीं पायवाट आहे. टॅलिलिन वांचली आणि लीक-मॅनिफोल्ड गेली, यांत मोठें कारण एवढेंच कीं पहिलीच्या अंतकाळीं कांहीं माणसें जवळ होतीं, दुसरीच्या नव्हतीं.

दोन शंका

येथें विचारी वाचकाच्या मनांत दोन शंका येतील. पहिली ही कीं, परकीयांनीं आपल्या सोयीसाठीं घातलेल्या रेल्वेचें एवढें कौतुक कशाला? ज्या कुंडलच्या तरुणांनीं शेणोलीस गाडी अडविली, त्यांच्या गांवांत तरी हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. याचें उत्तर असें कीं, भांडवल व इंजिनें परदेशचीं असलीं तरी खडी फोडणारे, रूळ उचलणारे, कोळसा ओतणारे आणि रात्रीं कंदील घेऊन सांधे बदलणारे हात येथलेच होते. रेल्वे जपावयाची ती त्या हातांची आठवण म्हणून. आणि शेणोलीची हकीकत सांगावयाची तर ती ज्या तऱ्हेच्या गाडीवर घडली ती गाडी मुलांना दाखवितां येणें, हाहि इतिहासाच्या शिक्षणाचाच एक भाग आहे.

दुसरी शंका पैशाची. गांवांत शाळेचें छप्पर गळत असतांना जुन्या इंजिनाला रंग कां द्यावयाचा? शंका खरी आहे, आणि दोहोंपैकीं एकच निवडावयाचें असेल तर छप्पर आधीं, यांत वाद नाहीं. परंतु स्वयंसेवेचा पैसा आणि वेळ बहुधा कराच्या तिजोरींतून येत नाहीं. तो माणसाच्या रिकाम्या रविवारांतून येतो. तो रविवार अन्यथा कोठें जातो, हें प्रत्येक घरानें आपल्याशींच ताडून पाहावें.

आपल्याकडील स्थिति

आपल्या देशांतील दार्जिलिंग, निलगिरी आणि काल्का-शिमला या डोंगरी रेल्वेंना अनुक्रमें १९९९, २००५ आणि २००८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. महाराष्ट्रांत अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं बांधलेली आणि १९०७ सालीं सुरू झालेली नेरळ-माथेरान रेल्वे आहे. २००५ च्या महापुरांत तिची वाताहत झाली, आणि २००७ सालीं ती पुन्हां चालूं लागली. या चारीहि रेल्वेंचा कारभार रेल्वेखात्याच्या पगारी माणसांकडे आहे. विदर्भांत यवतमाळ-मूर्तिजापूर व मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गांवर धांवणारी, लोकांनीं लाडानें 'शकुंतला' म्हटलेली अरुंद रेल्वे गेल्या दशकांत थांबली. तिच्यासाठीं तेथील नागरिकांनीं आंदोलनेंहि केलीं. म्हणजे प्रेम आपल्याकडे कमी नाहीं. परंतु तें प्रेम बहुधा मागणीच्या रूपानें प्रकट होतें. 'सरकारनें गाडी चालू ठेवावी' असें आपण म्हणतों. 'आम्ही दर रविवारीं येऊन रूळ साफ करूं' असें म्हणणारे अजून थोडे आहेत.

अर्थात् येथें कोणीहि उठून गाडी चालवूं शकत नाहीं, आणि तें बरेंच आहे. रेल्वेची मालमत्ता सरकारची आहे. पडलेला रुळाचा तुकडा आठवण म्हणून घरीं आणणें हाहि कायद्यानें गुन्हा ठरतो. उतारूंसाठीं नवा मार्ग उघडण्यापूर्वीं रेल्वे सुरक्षा आयुक्तांची पाहणी व्हावी लागते. म्हणून गाडी चालविण्याचें स्वप्न दूर ठेवून, जें आज हातांत आहे त्यापासून आरंभ करणें श्रेयस्कर.

घरानें काय करावें

पहिलें काम आठवणी टिपण्याचें. मुख्य मार्गांवरील वाफेचीं इंजिनें १९९० च्या दशकांत निवृत्त झालीं. पुणें-मिरज मीटर गेजच्या इंजिनांत ज्यानें पंचविशींत कोळसा ओतला, तो आज ऐंशीच्या घरांत आहे. ओला कोळसा कसा पेटवावा, चढावर आग किती जाड ठेवावी, कोणत्या आवाजावरून कोणता दोष ओळखावा, हें ज्ञान पुस्तकांत फार थोडें आहे. तें या वृद्धांच्या हातांत आणि कानांत आहे. इंजिन लोखंडाचें असल्यामुळें शंभर वर्षें उभें राहील; परंतु त्याला जागें करण्याची विद्या जाणणारा माणूस गेला म्हणजे तें निव्वळ लोखंडी बाहुलें होईल. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं आपल्या मोबाइलवर अशा आजोबांचें बोलणें ध्वनिमुद्रित करावें. मात्र 'तुमच्या वेळीं कसें होतें?' असा मोघम प्रश्न न करतां, 'सकाळीं ड्यूटीवर आल्यावर प्रथम कशाला हात लावीत असां?' असें नेमकें विचारावें. मोघम प्रश्नाला उसासा मिळतो. नेमक्या प्रश्नाला माहिती मिळते.

दुसरें काम वस्तूंचें. पुष्कळ घरांच्या माळ्यावर जुनीं पुठ्ठ्याचीं तिकिटें, वेळापत्रकें, पासाचे कागद, स्टेशनावर काढलेलीं छायाचित्रें पडलेलीं असतात. दिवाळीच्या साफसफाईंत तीं रद्दींत जातात. गृहिणींनीं तीं वेगळीं काढून त्यांवर पेन्सिलीनें साल, स्टेशन आणि चित्रांतील माणसांचीं नांवें लिहून ठेवावीं, व त्यांच्या नकला गांवच्या वाचनालयास द्याव्या. नांव न लिहिलेलें छायाचित्र दोन पिढ्यांनीं मुकें होतें.

तिसरें काम हातांचें. अनेक स्टेशनांसमोर वा रेल्वेच्या आवारांत जुनीं इंजिनें चौथऱ्यावर उभीं केलेलीं दिसतात. ऊन-पावसांत तीं गंजतात. पांचसहा कुटुंबांनीं मिळून, रीतसर परवानगी मागून, महिन्यांतून एक रविवार अशा इंजिनाच्या सेवेला द्यावा. गंज घासावा, तेल लावावें, रंग द्यावा, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस त्याची माहिती सांगावी. परवानगीस वेळ लागेल, प्रसंगीं नकारहि मिळेल. तोंपर्यंत पहिलीं दोन कामें चालूं ठेवावीं. जेथें अशी मंडळी पांच वर्षें टिकेल, तेथेंच पुढें फर्लांगभर रुळावर चालतें इंजिन ठेवण्याचा विचार शोभेल.

हें पुरुषांचेंच काम आहे, असें कोणी समजूं नये. सातारच्या सुरेखा यादव या १९८८ सालीं देशांतील पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या, आणि त्यांनीं घाटांतूनहि गाड्या नेल्या. परदेशांतील स्वयंसेवी रेल्वेंवर आज इंजिन चालविणाऱ्या, गार्ड म्हणून झेंडी दाखविणाऱ्या आणि बायलर दुरुस्त करणाऱ्या स्त्रिया आहेत. एकत्र कुटुंबाला तर हें काम विशेष सोयीचें आहे. निवृत्त आजोबांनीं हिशेब व पत्रव्यवहार पाहावा, काकांनीं अवजारें सांभाळावीं, सुनेनें आठवणींचें टिपण करावें, मुलांनीं गंज घासावा. ज्याच्या त्याच्या वयाला व आवडीला जुळेल असें कांहींतरी त्यांत निघतेंच. मात्र दोन पथ्यें पाळावीं. एक, हिशेब पैचा व उघडा ठेवावा. कारण अशा मंडळ्या बहुधा पैशाच्या अभावीं मोडत नाहींत, पैशाच्या संशयानें मोडतात. दुसरें, आपल्याला झेपेल तेवढेंच अंगावर घ्यावें. महिन्यांतून एक रविवार कबूल करून तो वीस वर्षें पाळणारा स्वयंसेवक, सारे रविवार कबूल करून तिसऱ्या महिन्यांत नाहींसा होणाऱ्यापेक्षां लाखपटीनें मोलाचा.

मिरज, कऱ्हाड, सातारा, कुर्डुवाडी, सोलापूर येथील रेल्वेवस्त्यांतून निवृत्त झालेलीं माणसें आज आपल्या मुलांकडे, नातवांकडे राहतात. त्यांतील एखादे आजोबा आपल्याच वाड्यांत, आपल्याच गल्लींत असतील. त्यांना ऐकूं कमी येत असेल, पण ओळखीच्या इंजिनाची शिटी ते अजून ओळखतील. येत्या रविवारीं त्यांच्याकडे जावें, वहीचें पहिलें पान उघडावें, आणि वर तारीख घालावी. नेमाला आरंभ करावयास याहून अधिक सामग्री लागत नाहीं.